ताईकडे आलेले पाहुणे

ताईसाठी म्हणून आमच्या घरी पहिल्यांदा पाहुणे आले तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती. पाहुणे म्हणजे योजनेच्या कार्यालयातले एक साहेब आणि एक मॅडम. तिला दर महिन्याला डायपर मंजूर करायचे की नाहीत, हे ते घरी येऊन, डोळ्यांनी बघून ठरवणार होते. त्याला ते गृहभेट म्हणतात. आईला हे सगळं मी समजावून सांगितलं होतं आणि तिला ते नीट समजलंही होतं. तरीसुद्धा आदल्या दिवशी संध्याकाळी तिनं लोखंडी कपाटातून स्वतःची मोरपंखी साडी काढली, इस्त्री करून आण म्हणून माझ्या हातात दिली, आणि मी मुकाट्यानं जाऊन इस्त्री करून आणली.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. ती जन्मापासून अशी आहे. 'अशी' हा आमच्या घरातला शब्द, त्याच्यापुढे आम्ही कधी गेलो नाही. कागदोपत्री तिला आधी अपंग म्हणत, मग दिव्यांग म्हणू लागले, आणि योजनेच्या कागदांत ती लाभार्थी आहे. नावं बदलत गेली, ती होती तशीच राहिली. ती बोलत नाही. टेकू दिल्याशिवाय बसत नाही. उजवी बाजू आखडलेली आहे, डावा हात थोडाफार चालतो. लघवी-संडास कळत नाही. सरकारी दवाखान्याच्या सर्टिफिकेटवर टक्केवारीच्या खाली एक ओळ आहे, तिच्यात लिहिलंय की आकलन नाही. वडिलांनीच ते सर्टिफिकेट काढलं आणि लॅमिनेट करून ठेवलं. डॉक्टरांनी लिहिलंय म्हणजे तसंच असणार, असं धरून आम्ही चाललो.

आम्ही मखमलाबादला राहतो. वडिलांचा फुलांचा मळा होता, झेंडू आणि शेवंती. पहाटे टोपल्या भरून बाजारात जायच्या. आता मळ्याच्या जागी इमारती आहेत आणि घरामागे शेवंतीच्या चार ओळी उरल्या आहेत. वडील गेले. मी सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. माझं लग्न झालं नाही. मुलीकडचे लोक घर बघायला यायचे तेव्हा आई ताईला शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवायची. पण मखमलाबाद तेव्हा खेडंच होतं, कोणीतरी सांगायचंच. मग चार दिवसांनी निरोप यायचा की पत्रिका जुळत नाही. मला त्याचं फार काही वाटलं नाही. म्हणजे तेव्हा वाटलं असेल, आता आठवत नाही.

डायपरचं प्रकरण सुरू झालं ते जखमेपासून. इतकी वर्षं आईनं ताईला फडक्यांवर सांभाळलं. जुन्या सुती साड्या फाडायच्या, चौपदरी घड्या करायच्या, ओल्या झाल्या की काढायच्या, धुवायच्या, मागच्या दोरीवर वाळत टाकायच्या. आमच्या मागच्या दोरीवर घरातल्या माणसांचे कपडे वाळत घालायला कधी जागाच नसायची. पण आईचे गुडघे गेले, बोटं वाकडी झाली, पीळ नीट बसेना. फडकी दमट राहू लागली आणि ताईच्या माकडहाडापाशी कातडी सोलवटली. बघता बघता तिथं रुपयाएवढा खड्डा पडला.

डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी हातमोजे काढता काढताच सांगितलं, "फडकी बंद. ओलं अंगाला लागता कामा नये. दिवसरात्र डायपर घाला, तीन-चार तासांनी बदला, खाली अंडरपॅड टाका. नाहीतर ही जखम हाडापर्यंत जाईल. मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही."

मी डायपर आणायला लागलो. मोठ्या माणसांचे डायपर किती लवकर संपतात हे ज्यांच्या घरात ते लागतात त्यांनाच ठाऊक. पगार झाला की निम्माशिम्मा मेडिकलवाल्याकडे जायचा. आईला ते कळत होतं, म्हणून ती वाचवायला लागली, अंडरपॅडऐवजी खाली फडकीच टाकायची. थोडंच ओलं झालंय, राहू दे अजून तासभर. मी कामावरून आलो की बघायचो, ताई त्या जड झालेल्या डायपरमध्ये पडलेली आणि आई दाराशी लसूण सोलत बसलेली. मी ओरडायचो. आई म्हणायची, "तू हाय का दिवसभर इथं?" जखम काही भरत नव्हती. हाड किती खोल असतं, याचा विचार मी स्टोअरमध्ये नटबोल्ट मोजताना करायचो. घाबरून नाही. नुसता करायचो.

योजना निघाली आहे हे मेडिकलवाल्यानंच सांगितलं. म्हणाला, "दादा, आता हे मिळतंय. अर्ज टाका. माझं गिऱ्हाईक जाईल, पण टाका." मी टाकला. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, सगळी सारखीच असतात. जिन्यात पाण्याचा माठ, माठाला साखळीनं बांधलेला पेला. आधार, रेशनकार्ड, पासबुक, लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, सगळ्याच्या झेरॉक्स दिल्या. मेडिकलची बिलं दिली तर खिडकीतल्या माणसानं ती परत सरकवली. बिलं कुणाचीही जोडता येतात म्हणाला. डॉक्टरांची चिठ्ठीही नको, खासगी चालत नाही. जखमेचं सांगितलं तर म्हणाला, जखम अंथरुणावरच्या सगळ्यांनाच होते, त्यावरून लघवीवर ताबा नाही असं कसं लिहिणार? लोक डायपर घेतात आणि बाहेर विकतात, म्हणून आता गृहभेटीत जे दिसेल तेच धरायचं असा नियम आहे. "आणि हो," तो म्हणाला, "भेटीच्या दिवशी सगळेच डायपर घालून ठेवतात. घातलेला डायपर पुरावा म्हणून चालत नाही."

हे मी आईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "मंग काय, डायपर घालायचंच नाय ना? बरंय." आणि साडी काढली.

गृहभेटीच्या दिवशी सकाळी आम्ही ताईला न्हाऊ घातलं. मी काखेत हात घालून उचलायचो आणि आई तिला चोळायची, हे नेहमीचंच. पण त्या दिवशी आईनं शिकेकाई लावली. केसांना तेल, घट्ट वेणी, वेणीत मागच्या ओळींतली पांढरी शेवंती. तोंडाला पावडर. कपाळाला टिकली. मोरपंखी साडी आडव्या माणसाला कशी नेसवायची, याचं आईनं मनात आधीच गणित मांडलेलं होतं. मी कुशीवर वळवलं, तिनं निऱ्या खोचल्या. सकाळपासून तिनं ताईला पाण्याचा घोट दिला नव्हता. पाहुणे यायच्या आधी तासभर तिच्या खाली भांडं धरून बसली आणि पोट हलकं हलकं दाबत राहिली, ते रिकामं झालं तेव्हाच उठली. मेणकापड काढून माळ्यावर टाकलं. उदबत्ती लावली. दोरीवरची फडकी काढून पोत्यात भरली.

मला हे सगळं दिसत होतं. आपण नेमकं उलटं करतोय, हे डोक्यात कुठंतरी येऊनही गेलं असेल. पण ताईसाठी कधी कुणी आलंच नव्हतं. पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत न्यायचं, एवढंच आम्हाला येत होतं. ह्यावेळी पहिल्यांदाच तिला पुढच्या खोलीत ठेवायचं होतं, आणि पुढच्या खोलीत माणसाला ठेवतात ते कसं, ते आईला चांगलं माहीत होतं. ताईचं असं काही करायचं तिच्या मनात वर्षानुवर्षं राहून गेलं असणार.

साहेब आणि मॅडम आले. आईनं कांदेपोहे केले होते, वर खोबरं-कोथिंबीर. साहेब वणीकडचे निघाले, आईची एक मावशी तिकडं दिलेली होती, मग ती कुठल्या वाड्यातली वगैरे झालं. मॅडमनी ताईकडे बघितलं. कॉटवर भिंतीला उशा लावून आम्ही तिला टेकवून बसवलं होतं. शेवंतीचा वास येत होता.

"किती छान ठेवलंय हो यांना," मॅडम म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या, त्याबद्दल मला शंका नाही.

आईचा चेहरा फुलला. "करावं लागतं, मॅडम. पोटची हाय."

"कपडे खराब करतात का?"

आईनं माझ्याकडे बघितलं. परक्या पुरुषासमोर पोरीचं असलं काही सांगायचं, हे तिच्या जिभेवरच येईना. ती म्हणाली, "होतं कधीमधी. माणूसच हाय ना."

कधीमधी. मी पुढे होऊन सांगितलं की कधीमधी नाही, सारखंच होतं. साहेबांनी मान डोलावली, कॉटवरच्या कोरड्या ठणठणीत चादरीकडे बघितलं, आणि टॅबवर बोटानं काहीतरी केलं. ताईचा एक फोटो काढला. पोहे छान झालेत म्हणाले. दहा-पंधरा मिनिटांत गेले. जाताना आईनं मॅडमना हळदीकुंकू लावलं.

तो फोटो साहेबांनी माझ्याही फोनवर पाठवला होता. ताईचा इतका चांगला फोटो आमच्याकडे दुसरा नाही.

आठवड्यानं मेसेज आला. लाभार्थी स्वच्छ व नीटनेटक्या स्थितीत आढळल्याने सदर साहित्याची नियमित आवश्यकता दिसून येत नाही. मी तो स्टोअरमध्ये उभ्या उभ्या वाचला आणि फोन खिशात टाकला. बेअरिंगची गाडी आली होती, ती उतरवून घेतली. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "स्वच्छ हाय म्हणून नाय?" मी म्हटलं, हो. मग ती उठून ताईचा डायपर चाचपायला गेली.

फेरतपासणीचा अर्ज करायला पुन्हा कार्यालयात गेलो. रांगेत माझ्यापुढे एक माणूस होता, सायखेड्याकडचा, डोक्याला टोपी. त्याच्या बापाला अर्धांगवायू झालेला. त्याला मंजूर झालं होतं, तो फक्त पत्ता बदलायला आला होता. मी त्याला आमचं सांगितलं तसा तो हसला. "असं नटवून दाखवल्यावर कोण देईल दादा? आम्ही म्हाताऱ्याला सकाळधरनं तसाच ठिवला हुता. दारातनंच मागं फिरले. नाक दाबूनच सही केली." त्याला त्यात काही वाटत नव्हतं आणि ऐकताना मलाही काही वाटलं नाही. सोपं होतं. सकाळपासून नुसतं काही करायचं नाही.

मी घरी येऊन आईला हेच म्हटलं. काही करायचं नाही, एवढंच.

ती भाकरी थापत होती. पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे वळली. "म्हंजे? माझ्या पोरीला मी घाणीत ठिवून दावू?"

"एक दिवस, आई. अर्धा दिवस."

"ती जखम हाय तिला. त्याच्यावर मूत साचू द्यायचं? सही होईस्तोवर?"

"मग काय करणार आहेस? पुन्हा साडी नेसवणार?" माझा आवाज चढला. "तुझ्या त्या शेवंतीपायी गेलं ते. आता हाडाला लागल्यावर काढ फोटो."

हे मी बोललो. तव्यावरची भाकरी करपली ती आईनं काढून बाजूला ठेवली आणि दुसरी थापायला घेतली. ताई कॉटवर होती, तिचे डोळे नेहमीसारखे छताकडे. त्या घरात मोठ्यानं बोललेलं ती ऐकते की नाही, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

जेवताना आई म्हणाली, "येऊ दे त्यांना. मी बसवून घेते."

"म्हणजे?"

"तेव्हा दहा मिनटांत गेले म्हणून दिसलं नाय. दोन तास बसले तर दिसंल. मी बसवते. जेवायलाच घालते."

मला हसू यायला हवं होतं, पण येत नव्हतं. मी म्हटलं, सरकारी माणसं जेवायला बसतात होय? आई म्हणाली, वाढल्यावर कोण उठतंय?

दुसऱ्या भेटीच्या दिवशी तिनं ताईला साधा गाऊन घातला. अंगावर धुतलेली सुती ओढणी टाकली. वेणी घातली, पण फूल नाही. मेणकापड माळ्यावरून काढलं, त्याच्यावर फडकं, त्याच्यावर ताई. डायपर नाही. जखमेवर मलम लावून कापूस आणि पट्टी, पट्टीच्या वर प्लास्टिकचा तुकडा चिकटवला, म्हणजे भिजलं तरी आत जायला नको. ते तिचं तिनंच शोधून काढलं होतं. मग सकाळपासून तिला चमच्याचमच्यानं ताक पाजलं. ताईला ताक आवडतं, ती पीत राहिली.

स्वयंपाक तर असा केला की सणाला होत नाही. बाजरीच्या भाकऱ्या, मेथीची भाजी, भरलं वांगं, पातीचा कांदा, शेंगदाण्याची चटणी, वर शिरा. मी रजा टाकली होती. पाट मांडले, पाण्याचे तांबे भरले. हे सगळं कशासाठी चाललंय याचा विचार केला तर विचित्र होतं, म्हणून मी पाट सरळ रेषेत आहेत की नाहीत ते बघत बसलो.

तेच साहेब, त्याच मॅडम. दारातच साहेब म्हणाले, "आजी, अजून तीन ठिकाणी जायचंय, चहासुद्धा नको."

"चहा कुठं म्हनतेय मी?" आई म्हणाली. "जेवायची येळ हाय. वणीची माणसं दारातनं उपाशी गेली तर माझी मावशी काय म्हनंल?"

मावशी जाऊन वीस वर्षं झाली होती. साहेब हसले, मॅडमनी घड्याळ बघितलं, आणि तेवढ्यात आईनं दोन ताटं आणून पाटासमोर ठेवलीसुद्धा. वाढलेलं ताट. भाकरीवर लोणी विरघळत होतं. साहेब जरा वेळ उभे राहिले. मग बूट काढले. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या माणसाला भरलेल्या ताटाकडे पाठ करून जाता येत नाही, हे आईला पक्कं माहीत होतं. मॅडमही बसल्या.

ते जेवू लागले आणि आई वाढू लागली. साहेबांनी हात आडवा धरला की ती हाताखालून भाकरी सरकवायची. वांगं घ्या. मॅडम, तुम्ही काय खाल्लंच नाय. साहेब, मावशीच्या गावचं धरण भरलं का यंदा? मुलं किती, मोठा काय करतो, मिसेस कुठल्या? मी कोपऱ्यात तांब्या घेऊन उभा होतो. आईचा एक डोळा सारखा कॉटवर. ताट रिकामं होत आलं तसं तिनं शिरा आणला. साहेब शिरा खात होते आणि मॅडम आता उठायच्या बेतात होत्या. मला वाटलं गेलं, पुन्हा गेलं. तेवढ्यात मेणकापडावर बारीक आवाज झाला.

आम्हाला तो आवाज ओळखीचा आहे. आधी फडकं भिजतं तेव्हा काही ऐकू येत नाही, मग ते मावेनासं झालं की मेणकापडाच्या सुरकुतीतून धार लागते आणि फरशीवर टपटप होतं. ताक भरपूर झालं होतं. वासही आला. मॅडमचा शेवटचा घास हातातच राहिला.

आई उठली. माझ्या आयुष्यात मी तिला इतकं चटकन उठताना बघितलेलं नाही. तिचा चेहरा उजळला होता, खरंच उजळला होता, खोटं कशाला सांगू. "बघा साहेब," ती म्हणाली. "हे असं. दिवसभर असं. बघा, या इकडं. मॅडम, बघा." आणि तिनं ताईच्या अंगावरची ओढणी बाजूला केली आणि भिजलेला गाऊन गुडघ्यांच्या वर उचलून धरला.

तेव्हा ताईचा डावा हात हलला.

आधी मला वाटलं नेहमीसारखा झटका आला असेल. पण तो हात चादरीवरून सरकत सरकत ओढणीपर्यंत गेला. बोटं तिच्यावर पडली, निसटली, पुन्हा पडली. मग मूठ वळली. मुठीत ओढणीचं टोक धरून तो हात वर येऊ लागला, पोटावरून, छातीवरून, मध्ये थांबत. हनुवटीशी अडकला. तिनं मान वाकडी केली, हात आणखी ओढला, आणि ओढणी तोंडावर घेतली. डोळ्यांवर घेतली. आणि तशीच धरून ठेवली.

याला किती वेळ लागला कोण जाणे. साहेबांचा हात ताटात होता. आई गाऊन धरून उभी होती, तिचं लक्ष साहेबांकडे होतं, त्यांना नीट दिसतंय ना याच्याकडे. तिला ताईचं तोंड दिसलं नव्हतं.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "झाका. राहू द्या, झाका त्यांना." त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"बघितलं ना पण? लिवा मंग."

"आई," मी म्हटलं.

मग तिनं मान वळवून बघितलं. गाऊन तिच्या हातातून खाली पडला. ती ताईच्या उशाशी बसली आणि ओढणीवरूनच तिच्या कपाळावर हात ठेवला. "बाय," म्हणाली, "माझी बाय."

साहेब ताटावरून उठले. शिरा तसाच राहिला. त्यांनी मागच्या मोरीवर जाऊन हात धुतले, टॅब उघडला, उभ्या उभ्या लिहिलं. ह्यावेळी फोटो काढला नाही. दारात बूट घालताना मला हळूच म्हणाले, "होऊन जाईल. काळजी करू नका." मी त्यांना धन्यवाद म्हणालो. फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो.

परत आलो तर आई तिथंच बसलेली. ताईला बदलायचं होतं, फरशी पुसायची होती. मी फडकं आणलं आणि पुसून घेतली. मग नेहमीसारखं ताईच्या काखेत हात घालून तिला उचललं आणि आईनं खालचं काढलं, पुसलं, पट्टी बघितली. पट्टी कोरडी होती. ताईनं ओढणी सोडली नव्हती. तिला उचललेलं असताना ती ओढणी माझ्या दंडाला लागत होती आणि आत तिचा श्वास गरम लागत होता.

मंजुरी आली. महिन्याच्या महिन्याला खोका मिळतो, अंडरपॅडही मिळतात. मी सुट्टीच्या दिवशी जाऊन स्कूटरवर पुढे ठेवून आणतो. आई आता वाचवत नाही, वेळेवर बदलते. मागची दोरी रिकामी असते, माझे शर्ट वाळत घालतो. जखम बरीच भरत आली आहे. डॉक्टर म्हणाले, उत्तम, आता अशीच काळजी घ्या. कारखान्यात एकानं विचारलं तर मी त्यालाही सांगितलं की योजना चांगली आहे, अर्ज टाका.

आम्ही इतकी वर्षं दार उघडं ठेवूनच ताईला बदलत आलो. दूधवाला उंबऱ्यात उभा असायचा, काकू विळी मागायला आलेल्या असायच्या, मी शेजारी बसून जेवत असायचो. बोलता बोलता आई तिला बदलायची. तिला लाज वाटते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आधीपासून वाटत होती की त्या दिवशी पहिल्यांदा वाटली, तेही कळायला मार्ग नाही. आधीपासून वाटत असेल तर किती वेळा, हा हिशोब मी करायला बसत नाही. बसलो तर पुन्हा उठता येणार नाही, असं वाटतं.

आई आणि मी यावर एकदाही बोललेलो नाही. पण आता बदलायची वेळ झाली की आई आधी दाराला कडी लावते. मी उचलायला लागतोच, माझ्याशिवाय ते होत नाही, त्यामुळे मी आतच असतो. मग आई ओढणीचं टोक ताईच्या डाव्या हातात देते. आई ते टोक स्वतः तिच्या तोंडावर टाकत नाही, नुसतं हातात देते. ताईची बोटं ते धरतात, सुटतं, पुन्हा धरतात, आणि हात हळूहळू वर जायला लागतो. त्याला वेळ लागतो. आम्ही दोघं कॉटच्या दोन बाजूंना उभे राहतो, आणि तिचं होईपर्यंत थांबतो.